हृदयाला थोडं वरून

३ फेब्रुवारी

आजपासून डायरी. सल्ला सरांचा. ते म्हणाले, प्रयोगाच्या वहीत काय केलं तेवढंच लिहायचं असतं. काय वाटलं ते लिहायला माणसाकडे वेगळी जागा हवी. पटलं. शिवाय पुढेमागे माझ्यावर कुणी लिहायला घेतलंच तर त्याचीही सोय होईल.

तर आज हृदय लावलं. घरी हे सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, हृदय काय विरजण आहे का लावायला. पण आमच्याकडे असंच म्हणतात. लावल्यात त्या मूलपेशी, म्हणजे आपण काय व्हायचं हे अजून न ठरवलेल्या पेशी. त्यांना ग्रोथ फॅक्टरचे थेंब द्यायचे. ग्रोथ फॅक्टर हे एक प्रथिन. शरीरात पेशी एकमेकींना निरोप पाठवतात त्यातलाच हा एक निरोप. सगळी गंमत मात्रेत आहे. बेताचा मिळाला तर पेशी हृदयाच्या वाटेला लागते. तोच जास्त झाला तर ती आतड्याकडे वळते. वेळ चुकली तर ऐकूनच घेत नाही. आणि एकदा वाट धरली की काही केलं तरी मागे फिरत नाही.

बायकोने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, यात तुझं काम काय? मी म्हटलं, मोजून थेंब टाकणं. ती म्हणाली, बरं.

सर पुढच्या महिन्याच्या शेवटी निवृत्त होतात. त्यांनी सबंध आयुष्य डिशमध्ये धडधडणाऱ्या हृदयामागे घालवलं आणि अजून एकदाही ते धडधडलं नाही. जाण्याआधी त्यांना ते बघायचंय. मलाही ते त्यांना दाखवायचंय, कारण मला पिपेट, म्हणजे थेंब मोजून टाकायची नळी, धरायला त्यांनी शिकवलं. दुसरं कारण कमी उदात्त आहे. नव्या संचालकांनी सांगून टाकलंय की तोवर काही धडधडलं नाही तर हृदयाचं टेबल समोरच्या आतड्यांच्या विभागाला जाईल, आणि टेबलाबरोबर मीही. आतड्यांच्या विभागाच्या प्रमुख म्हणजे आतडेबाई. हे नाव मी ठेवलंय, त्यांना माहीत नाही. त्या गेली कित्येक वर्षं हलणारं आतडं करू पाहताहेत आणि त्यांचं आतडं ढिम्म हलत नाही. तिथे जाऊन मी काय करू?

७ फेब्रुवारी

सरांविषयी लिहून ठेवायला हवं, नाहीतर पुढच्यांना कळायचं नाही. माणूस म्हणजे देव. फक्त ताटात आलेल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा विश्वास नाही. चहात साखर घातलेली असली तरी ते वरून एक चमचा घालतात. चव बघून नव्हे, आधीच. त्यांच्या छातीतली एक झडप दुरुस्त केलेली आहे, त्यामुळे मीठ बंद. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, डब्यात अळणी जेवण देतात. सरांनी टेबलाच्या वरच्या खणात कागदांखाली मिठाची डबी ठेवलीय. डबा उघडला की इकडेतिकडे बघतात आणि डबी जोरजोरात झटकतात. मग पहिला घास खाऊन म्हणतात, आता कसं. काकूंनी मला लक्ष ठेवायला सांगितलंय. मी लक्ष ठेवतो, म्हणजे बघत राहतो.

सर सगळ्यांच्या आधी येऊन प्रयोगशाळा उघडतात. म्हणतात, सकाळी पेशींची विचारपूस करायला बरं वाटतं.

मी थर्मासमधून चार कप कॉफी प्यायलो. बायको कडक करून देते. मागे डॉक्टरांनी कॉफी कमी करायला सांगितली होती, छातीत धडधडतं म्हणून. मी एक कपही कमी केला नाही आणि धडधड वर्षभरात एकदाही झाली नाही. डॉक्टरांना काही कळत नाही.

१२ फेब्रुवारी

ग्रोथ फॅक्टरची कुपी अर्ध्याच्या खाली गेलीय. मी रोज टाकतो त्या मानाने हे फार होतं. नक्की कंपनीवाले कमी भरून देतात. खरमरीत पत्र लिहिणार आहे. सरांना सांगितलं तर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, जाऊ दे रे, उडून जात असेल.

१७ फेब्रुवारी

एव्हाना धडधडायला हवं होतं. डिशमध्ये पेशींचे छोटे गोळे झालेत, गोंडस आहेत, पण गप्प आहेत.

सर पाठीमागे येऊन उभे राहिले. हळूच म्हणाले, "थोडं वरून द्यायचं का रे?"

मी त्यांना बसवून नीट समजावलं. मात्रा म्हणजे काय, निरोप जास्त झाला की पेशी कशी भलत्या वाटेला लागते, सगळं. हे सगळं त्यांनीच मला शिकवलेलं, पण मी असं बोललो की ते पहिल्यांदाच ऐकताहेत असं वाटावं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाले, तुझं बरोबर आहे. एवढा मोठा माणूस माझं निमूटपणे ऐकतो, याला मोठेपण म्हणतात.

२१ फेब्रुवारी

काही नाही. आतडेबाई जाताजाता डोकावल्या, डिश पाहून काहीतरी म्हणणार होत्या, मी दार लावून घेतलं.

६ मार्च

हललं.

दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली डिश ठेवली आणि एक गोळा आकसला. माझाच डोळा फडफडला असेल असं वाटलं. पुन्हा बघितलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश लाट गेली, मग बराच वेळ शांतता, मग पुन्हा लाट. मी सरांना हाक मारली. ते धावत आले, त्या झडपेनिशी. डोळा लावला तो काढेचनात.

धडधड थोडी संथ आहे, हे खरं. मिनिटाला दोन, फार तर तीन. आणि आपलं हृदय ठोका देतं तसं हे देत नाही, आळोखेपिळोखे दिल्यासारखं करतं. पण अजून लहान आहे. सर म्हणाले, विचारी स्वभावाचं दिसतंय. मी वहीत तसं लिहिणार होतो, पण तिथे वाटलेलं लिहायचं नसतं.

घरी सांगितल्यावर बायकोने कॉफी केली आणि लगेच काकूंना फोन लावला. दोघींचं रोज एकदा तरी बोलणं होतं. इतकं काय बोलतात कोण जाणे.

१० मार्च

हे लिहू नये असं वाटतं, पण मग डायरी कशाला ठेवली?

नव्या संचालकांना बोलावलं होतं. आतडेबाईंनाही मुद्दाम बोलावलं, टेबल त्यांच्या हाती जाणार नाही हे त्यांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. चित्र मोठ्या पडद्यावर लावलं. सर बोलायला उभे राहिले आणि एका वाक्यानंतर पडद्याकडेच बघत राहिले, म्हणून बाकीचं मी बोललो. हृदय म्हणजे काय, मानवजात, भविष्य वगैरे. बऱ्यापैकी बोललो. पडद्यावर लाट आली, गेली, थांबली. संचालकांनी टाळ्यांसाठी हात उचलले.

आतडेबाई खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेल्या. पुढची लाट येईपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "हे हृदय नाही हो. हे आतडं आहे."

मी हसलो. म्हटलं, तुम्हाला सगळीकडे आतडंच दिसणार. त्यांना राग आला नाही, हे जास्त वाईट होतं. त्यांनी एक गोळा मागून घेतला आणि पेशींची जात ओळखणाऱ्या रंगांनी रंगवून आणला. हृदयाचा रंग आलाच नाही. आतड्याचा आला, चांगला गडद. मी ज्याला भविष्य म्हणालो होतो ते अन्न पुढे ढकलत होतं, आणि अन्न नव्हतं म्हणून नुसतंच ढकलत होतं. मी इतका तोंडघशी पडलो की नंतर कुणाचा चेहरा पाहिला नाही, फक्त बूट पाहिले.

तेवढ्यात सर उभे राहिले. म्हणाले, "यात याची काही चूक नाही. चूक असेल ती माझी."

केवढं मोठं मन लागतं असं बोलायला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. संचालक विरघळले आणि त्यांनी सरांच्या निरोपापर्यंत मुदत दिली. आणखी एक डिश, त्यानंतर आतडी. आतडेबाई मात्र माझ्या डिशकडे बघत होत्या, घरी न्यावीशी वाटणाऱ्या मांजरीकडे बघतात तशा. बाहेर पडताना त्यांनी विचारलं, मात्रा किती दिली होती? मी सांगितली. त्या म्हणाल्या, शक्यच नाही, एवढ्याशा मात्रेत आतडं होत नाही. निदान दुप्पट तरी लागते.

११ मार्च

कुठून आली दुप्पट? पिपेट तपासली, बरोबर. वजनकाटा बरोबर. मीच झोपेत दोनदा टाकत असेन असंही वाटून गेलं, पण एवढी कॉफी पिणारा माणूस पेंगेल कसा? मग आतडेबाईंवर संशय घेतला. दुपारभर त्यांच्या दारावर डोळा ठेवला. त्या एकदाच बाहेर आल्या आणि मला विचारलं, बरं वाटत नाही का.

१३ मार्च

सकाळी लवकर गेलो, नवीन डिशची तयारी करायला. प्रयोगशाळेचं दार लोटलेलं होतं. फटीतून सर दिसले. हातमोजे घालून, अगदी नियमाप्रमाणे, जंतुविरहित हवेच्या हूडसमोर बसले होते. जुनी डिश उघडी होती. त्यांनी कुपीतून पिपेट भरली, इकडेतिकडे बघितलं, एक थेंब टाकला. मग थोडं थांबून आणखी एक. नंतर डिश इनक्युबेटरमध्ये ठेवली, वरून दोनदा थोपटली आणि म्हणाले, आता कसं.

मी तिथेच भिंतीला टेकलो. राग आला, खोटं कशाला लिहू. सव्वा महिन्याची मेहनत, चारचौघांत झालेली शोभा, आणि हे. सरळ आत जाऊन बोलणार होतो. तोंडात शब्दसुद्धा जमवले होते. पण ते मागे वळले तेव्हा चेहरा असा होता, नातवाच्या खिशात गुपचूप खाऊ घालून आलेल्या माणसाचा असतो तसा. त्या दिवशी त्यांनी चूक माझी म्हटलं तेव्हा मी रडलो होतो. ते तर नुसतं खरं सांगत होते, आणि तेही त्यांना माहीत नव्हतं. मला हसू यायला लागलं, म्हणून जिन्यात जाऊन बसलो.

सांगितलं तर काय होईल? जे आयुष्यभर झालं नाही ते आपल्याच हाताने बिघडवलं, हे घेऊन ते घरी जातील. नाही सांगितलं तर पुन्हा थेंब टाकतील. दोन्हीकडून मरण.

१५ मार्च

रात्री बायकोला सांगितलं होतं. तिला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. काकूंकडे जाऊन ये, म्हणाली.

काकूंकडे गेलो. सर झोपले होते. काकूंनी स्वयंपाकघरात बसवलं, माझं सगळं ऐकलं आणि फळीवरून मिठाची एक डबी काढून माझ्यासमोर ठेवली. सरांच्या खणात आहे तश्शीच. झाकणाला सहा भोकं. पाच मेणाने बुजवलेली.

"तिकडच्या डबीचंही असंच आहे," त्या म्हणाल्या. "झडप दुरुस्त झाल्यापासून. ते झटकतात खूप, पडतं कणभर. त्यांना मीठ नको असतं रे, झटकायला हवं असतं."

मी विचारलं, त्यांना कधी कळलं नाही? काकू म्हणाल्या, चव बघून घालणारा माणूस असता तर कळलं असतं. मग मला पाणी दिलं आणि माझ्या बायकोची तब्येत विचारली, म्हणाल्या, गुणी मुलगी आहे, सांगितलेलं लगेच उचलते.

मला बिचाऱ्या सरांची दया आली. आपल्याला घरात असं कुणी वागवतंय आणि आपल्याला पत्ता नाही, ही किती केविलवाणी अवस्था.

१७ मार्च

नवीन डिश लावली. खरी कुपी आता आतडेबाईंच्या फ्रिजमध्ये आहे. त्यांना सगळं सांगावं लागलं. वाटलं होतं हसतील. त्या म्हणाल्या, सर नक्की किती टाकत होते? मी म्हटलं, अंदाजाने. त्यांनी कपाळाला हात लावला. गेली कित्येक वर्षं जे मोजूनमापून जमलं नाही ते सरांनी अंदाजाने करून ठेवलंय, आणि अंदाज वहीत लिहिता येत नाही.

आमच्या फ्रिजमध्ये जुन्या जागी तशीच दुसरी कुपी ठेवली. तीत पेशींचं साधं खाद्य भरलंय, ज्यात त्या तशाही पोहत असतात. वर चिठ्ठी मीच लिहिली, ग्रोथ फॅक्टर. आयुष्यात पहिल्यांदा कुपीवर खोटं लिहिलं.

२० मार्च

बनावट कुपी अर्धी झाली. सर खुशीत शीळ घालताहेत.

२७ मार्च

आज सकाळी सर माझ्याआधी डिश घेऊन बसले होते. मी आत आलो तर त्यांनी हाक मारली नाही, वळूनही पाहिलं नाही. मला वाटलं, संपलं. जवळ गेलो. त्यांनी खुर्ची सोडली.

धडधडत होतं. लाट नाही, आळोखेपिळोखे नाहीत. सगळा गोळा एकदम आवळायचा, सुटायचा, आवळायचा. ठक, ठक, ठक. आवाज येत नव्हता, पण मला ऐकू आला. शेजारचा दुसरा गोळा, मग तिसरा. रंगवायची गरज नव्हती. तरी रंगवलं, एकदा पोळल्यामुळे. हृदयच.

सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला, मग तो शोधायला लागले. सापडल्यावर स्वतःच्या मनगटावर बोट ठेवलं, घड्याळात बघितलं, पुन्हा डिशमध्ये बघितलं. म्हणाले, माझ्यापेक्षा बरं चाललंय. मी रडलो. तेही रडले. आतडेबाई आल्या, त्यांनी पाहिलं, आणि त्याही रडल्या, कदाचित वेगळ्या कारणाने.

मग सरांनी मला कोपऱ्यात नेलं. आता कबूल करणार असं वाटून माझा जीव वरखाली झाला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तुझ्यापासून लपवून एक गोष्ट केली," ते म्हणाले. "तू रागावशील. पण बघ, मी म्हणत नव्हतो? थोडं वरून लागतंच."

मी म्हटलं, हो सर. तुमचं बरोबर होतं. एवढं सरळ खोटं मी कधी बोललो नव्हतो आणि बोलून इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं.

३१ मार्च

सरांचा निरोप. संचालकांनी टाळ्या पूर्ण वाजवल्या. टेबल राहिलं, मीही राहिलो. त्याहून मोठी गंमत पुढे. आतडेबाई उठून म्हणाल्या की निवृत्तीनंतर सरांनी आठवड्यातून दोनदा आमच्या विभागात यावं, आम्हाला तुमचा हात हवाय. सर लाजले. त्यांना वाटलं हृदयामुळे. सरांनी थेंब टाकण्याआधी आणि टाकल्यावर बाई डिशचं वजन करून घेणार आहेत, त्यांच्या नकळत. अंदाज वहीत उतरेल तर असाच.

सरांनी जाताना वरचा खण रिकामा केला आणि मिठाची डबी माझ्या हातात ठेवली. म्हणाले, तुला राहू दे, घरी दुसरी आहे. मी जपून घेतली.

समारंभात उपाहारगृहाच्या यंत्रातली कॉफी होती. पाणचट दिसत होती. दोन कप घेतले.

१ एप्रिल

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. हात थरथरत होते, कपाळावर घाम, आणि छातीत तर अशी धडधड की डिशमधल्या गोळ्याने लाजावं. बायकोला उठवलं. म्हटलं, सरांच्या जाण्याचा मला फार चटका बसलाय, हृदयावरच परिणाम झालाय. तिने मनगट धरलं, मला न्याहाळलं आणि विचारलं, समारंभात काय प्यायलास? मी म्हटलं, काही नाही, दोन कप पाणचट कॉफी. ती म्हणाली, मग भावनाच असणार.

सकाळी तिने स्वतःच्या डब्यातली कॉफी करून दिली. तो डबा ती वरच्या फळीवर मागे ठेवते, मला हात लावू देत नाही, म्हणते प्रमाण चुकतं. मी एका दमात दोन कप प्यायलो आणि दुपारपर्यंत गाढ झोपलो. उठलो तेव्हा धडधड पार गेलेली.

मग तिला सरांची डबी दाखवली. मेण लावलेली भोकं दाखवली, काकूंची युक्ती पहिल्यापासून सांगितली. ती हसायला लागली ती थांबेचना. डोळे पुसून पुन्हा माझ्याकडे बघायची आणि पुन्हा हसायची. मीही हसलो. म्हटलं, अगं, इतकी वर्षं त्या माणसाला पत्ताच लागला नाही. तेवढ्यात काकूंचा फोन आला. तो घ्यायला ती दुसऱ्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. मी थर्मासमधला उरलेला कप ओतून घेतला. काय कडक असते हिची कॉफी.